लाठीचार्जपासून मोबाइलच्या चार्जिंगपर्यंत: 'चार्ज' हा शब्द एक की अनेक?

रानजाई
लाठीचार्ज. चार्जशीट. मोबाइलचं चार्जिंग. 'नव्या साहेबांनी चार्ज घेतला.' 'डिलिव्हरी चार्जेस वेगळे पडतील.' वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. आणि इलेक्ट्रॉनवरचा ऋण चार्ज.

मराठी बोलताना हे सगळं आपण दिवसभर वापरतो आणि कुठे अडत नाही. मी मात्र आठवी ते दहावीच्या सेमी इंग्रजी वर्गांना विज्ञान शिकवते आणि तिथे हमखास अडतं. ही मुलं घरीदारी मराठी बोलतात आणि विज्ञान इंग्रजीतून वाचतात. 'चार्ज' म्हटलं की त्यांना चार्जरची वायर आठवते, नाहीतर बातम्यांमधले पोलीस. मराठी माध्यमाच्या पुस्तकातला 'प्रभार' सांगितला तर विचारतात, "म्हणजे प्रभारी मुख्याध्यापक असतात, तसा का?"

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे सगळे अर्थ एकाच शब्दाचे आहेत, की योगायोगाने सारखे दिसणारे निरनिराळे शब्द? आणि शब्द एकच असेल, तर मुलांना सांगता येईल असं त्यामागचं सूत्र कोणतं? शब्दाचं मूळ कळलं की संज्ञा घोकावी लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पांथस्थ
छान विषय. शब्द एकच आहे.

इंग्रजीत दोन्ही प्रकार सापडतात. वटवाघूळ म्हणजे 'बॅट' आणि क्रिकेटची 'बॅट' हे सरळ दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याचं मूळ स्कँडिनेव्हियाकडचं, दुसरा जुन्या इंग्रजीतला दांडक्याचा. चांगले कोश अशा शब्दांना वेगवेगळ्या नोंदी देतात. 'चार्ज'चं तसं नाही.

लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडा. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कारिकारे' झालं, म्हणजे गाड्यावर माल लादणे. ते जुन्या फ्रेंचमध्ये 'चार्जिए' झालं आणि नॉर्मन राजवटीनंतर इंग्रजीत उतरलं. पहिला अर्थ एवढाच: लादणे, भरणे. पुढे काय लादलं आणि कशावर, त्याप्रमाणे फांद्या फुटल्या. माणसावर जबाबदारी लादली, तो इनचार्ज झाला. दोष लादला, ती चार्जशीट. खर्च लादला, ते चार्जेस. बंदुकीत दारू ठासली, तोही चार्जच.

त्याच घराण्यातले बाकीचे लोकही ओळखीचे आहेत: कार, कॅरी, कार्गो. आणि 'कॅरिकेचर'सुद्धा! इटालियनमध्ये 'कारिकारे' म्हणजे लादणं, आणि चेहऱ्यातल्या एखाद्या खुणेवर नको इतकं वजन टाकलं की झालं व्यंगचित्र.

शुभ्रा
कॅरिकेचरचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

अवांतर: सर्वाधिक अर्थांच्या शर्यतीत 'चार्ज' फार मागे आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती. नव्या संपादनात 'रन'ने त्याला मागे टाकलं. पण 'सेट'चे आणि 'रन'चे अर्थ इतके पसरलेत की धागा हातात राहत नाही. 'चार्ज'चा राहतो.

बोरकूट
आणि लाठीचार्जमध्ये काय लादतात? पाठीवर लाठ्या. सूत्र सिद्ध झालं :)

असईकर
बोरकूट, विनोद बाजूला ठेवू, पण हल्ल्याचा अर्थ खरंच बंदुकीच्या आणि भाल्याच्या वाटेने आला आहे. हत्यार भरायचं, रोखायचं आणि त्या भारानिशी शत्रूवर तुटून पडायचं, असा तो प्रवास. सोळाव्या शतकात इंग्रजीत हा अर्थ रुळला आणि पुढे घोडदळाशी कायमचा चिकटला. २५ ऑक्टोबर १८५४ ला क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला ब्रिटिश हलक्या घोडदळाने रशियन तोफांवर जी चाल केली, तिच्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात 'चार्ज' म्हणजे उधळलेले घोडे हेच चित्र बसलं.

आमच्या जालना जिल्ह्यात त्याच्या अर्धशतक आधी हे घडलंय. २३ सप्टेंबर १८०३, असई. शिंदे-भोसल्यांच्या तोफांनी ब्रिटिश सेनापती वेलस्लीची एक पायदळ पलटण पार मोडत आणली होती. तेव्हा १९ व्या लाइट ड्रगून्सच्या घोडदळाने चार्ज करून तिला सोडवलं. असईचा निकाल फिरवणाऱ्या गोष्टींमध्ये ही एक. लढाईची जागा पाहायला येणारे फार थोडे, याचं वाईट वाटतं.

ह्या अर्थाला मराठीत 'हल्ला' म्हणून भागत नाही. 'एल्गार' हा त्याचा सख्खा शब्द. तोही बाहेरून, तुर्की-फारसीतून आलेला, पण घोडदौडीचा वेग त्यात आहे. लाठीचार्जला वृत्तपत्रं 'लाठीमार' लिहितात, तेही बरोबरच आहे. आणि 'सौम्य लाठीमार' हा शब्दप्रयोग ज्याच्या पाठीवर तो झालाय त्याला विचारून छापावा.

फेरफार
महसूल खात्यात नोकरी झाली. आमच्याकडे 'चार्ज' दोन ठिकाणी येतो आणि दोन्हीकडे तो ओझंच आहे, म्हणून लिहितो.

पहिला म्हणजे कार्यभार. बदली झाली की आधीच्याने चार्ज द्यायचा, नव्याने घ्यायचा. तलाठ्याचा चार्ज म्हणजे गाव नमुने एक ते एकवीस, नकाशे, पावती पुस्तकं, जडवस्तू नोंदवही, शिक्के, सगळ्याची यादी. एकेक दप्तर मोजून सही. एखादं पावती पुस्तक कमी निघालं की चार्ज अडकला. पेपरात 'पदभार स्वीकारला' अशी एका ओळीची बातमी येते, तिच्यामागे हे असतं. आणि एका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा (सजा म्हणजे तलाठ्याच्या हाताखालची गावं) 'अतिरिक्त कार्यभार' असेल तर भार ह्या शब्दाचा अर्थ त्याला वेगळा समजवावा लागत नाही.

दुसरा, सातबारावरचा. शेतकऱ्याने सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज घेतलं की इतर हक्कात नोंद होते. इंग्रजी कागदात तो चार्ज, आमच्याकडे 'बोजा'. बोजा चढवला, बोजा उतरवला. कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला आणून फेरफार मंजूर झाला की बोजा उतरतो. पांथस्थांनी लिहिलेला गाड्यावरचा माल आमच्या सातबारावर अजून तसाच चढतो-उतरतो आहे. जमिनीचा व्यवहार करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरला असेल, असं धरून चालू नका. उतारा काढून बघा.

शुभ्रा
फेरफार काका, 'बोजा चढवणे-उतरवणे' ह्याने दिवस सार्थकी लागला.

नर्मदा
कार्यभारावरून 'कारभार' आठवला. आमच्या आजीच्या तोंडी आजोबांसाठी 'कारभारी' हाच शब्द असायचा. "कारभारी शेतावर गेल्यात." नाव घ्यायचं नाही आणि संसाराचा चार्ज कोणाकडे तेही सांगून टाकायचं.

बोरकूट
चार्ज कारभाऱ्यांकडे आणि चाव्या कारभारणीच्या कमरेला. सही कोणाची चालायची ते सांगा.

नर्मदा
चाव्यांची, अर्थातच.

ॲड_पिंपळपान
कायद्यातला 'चार्ज' बहुतेक जण चुकीच्या जागी लावतात, म्हणून थोडं विस्ताराने.

पोलीस तपास संपवून न्यायालयात जो अहवाल देतात, त्याला बोलीत चार्जशीट म्हणतात, वृत्तपत्रात दोषारोपपत्र. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली जायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली जातो. पण कायद्याच्या भाषेत तो 'चार्ज' नव्हे. तो पोलिसांचा अहवाल. चार्ज ठेवतं ते न्यायालय. दोन्ही बाजू ऐकून, प्रथमदर्शनी पुरेसा आधार दिसला तर न्यायाधीश आरोप निश्चित करतात, आरोपीला वाचून दाखवतात आणि 'गुन्हा कबूल आहे का' असं विचारतात. आधारच नसेल तर आरोपी ह्या टप्प्यावरच सुटतो. तो डिस्चार्ज, मराठीत 'दोषमुक्त'. पूर्ण खटला चालून सुटला तर 'निर्दोष मुक्तता'. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की बातमीचा अर्थच बदलतो. 'चार्जशीट दाखल, म्हणजे माणूस दोषी' असं घराघरात बोललं जातं, ते तर साफ चूक आहे. दोष सिद्ध व्हायला अख्खा खटला बाकी असतो.

फेरफार काकांच्या बोजाला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये कलम १०० आहे. गहाण आणि चार्ज तिथे वेगळे ठेवलेत. चार्जमध्ये मालमत्ता पैशाच्या हमीला बांधली जाते, पण तिच्यातला हक्क हस्तांतरित होत नाही.

आणखी एक अर्थ आता आपल्याकडे उरला नाही, पण मुंबईशी जोडलेला आहे. ज्युरी होती तेव्हा न्यायाधीश ज्युरीला 'चार्ज' करत, म्हणजे पुरावा आणि कायदा समजावून निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवत. १९५९ च्या नानावटी खटल्यात (नौदल अधिकारी नानावटींवर खुनाचा आरोप होता) नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा 'दोषी नाही' कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे युक्तिवादाचा गाभाच हा होता की ज्युरीला केलेल्या चार्जमध्ये चुकीचं मार्गदर्शन झालं. उच्च न्यायालयाने ते मान्य केलं, नानावटींना दोषी ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ ला ते कायम केलं. एका 'चार्ज'च्या शब्दरचनेवर एवढा मोठा खटला फिरला.

कौमुदी
ॲडव्होकेट साहेबांच्या प्रतिसादाला एक जोड. 'आरोप' हा संस्कृत शब्द फोडून बघा. आ + रुह्, त्याचं प्रयोजक रूप: चढवणे, वर ठेवणे. वृक्षारोपणातलं आरोपण तेच. म्हणजे आरोप म्हणजेही 'कोणावर तरी काही चढवणं'. लॅटिनवाल्यांनी गाड्यावर माल चढवला आणि आपल्याकडे माणसावर दोष चढवला. दोन भाषा एकमेकींना न विचारता त्याच ठिकाणी पोचल्या. चार्जला 'आरोप' हा प्रतिशब्द योजणाऱ्यांच्या मनात हे असो वा नसो, इतका चपखल शब्द क्वचित मिळतो.

'सरचार्ज'ला 'अधिभार' हाही तसाच. उपसर्गाला उपसर्ग, भाराला भार.

बोरकूट
मग वीजबिलात 'स्थिर आकार', 'वहन आकार', 'इंधन समायोजन आकार' का? तिथे भार कुठे गेला? आकार म्हणजे तर शेप.

फेरफार
आकार म्हणजे फक्त शेप नाही. जमिनीचा 'आकार' सातबारावर रुपये-पैशांत लिहिलेला असतो, म्हणजे सरकारने ठरवलेला सारा. 'आकारणी' त्यातूनच. दुकानदार जादा दर 'आकारतो' असं आपण म्हणतोच. वीजबिलातला आकार हा महसुलाच्या दप्तरातला जुना शब्द आहे आणि योग्य आहे.

तारयंत्री
वीज कंपनीतून निवृत्त झालो आहे. बोरकूट यांच्या प्रश्नाचं दुसरं कारण असं की बिलावर 'भार' ही जागा आधीच भरलेली आहे. तुमच्या बिलावर 'मंजूर भार' बघा, तो किलोवॅटमध्ये असतो. तो लोड. भारनियमन म्हणजे लोडशेडिंग. आता चार्जलाही भार म्हटलं असतं तर ग्राहक आणि कारकून दोघेही गोंधळले असते.

इथे एक गंमत आहे, आणि रानजाई ताईंच्या वर्गात ती उपयोगी पडेल. चार्ज आणि लोड, दोन्हींचा मूळ अर्थ ओझं. पण विजेच्या शास्त्रात दोघांची पूर्ण फारकत झाली. चार्ज कूलोंबमध्ये मोजतात, लोड वॅटमध्ये. म्हणून मराठीत एकाला 'प्रभार', दुसऱ्याला 'भार'. जुन्या पुस्तकांत 'विद्युतभार', 'धनभार', 'ऋणभार' असायचं. नंतर 'प्र' लावला तो मला शहाणपणाचा वाटतो.

विजेत हा शब्द शिरला तो बंदुकीतूनच. १७४५-४६ च्या सुमारास लायडन बरणी निघाली: काचेची बरणी, तिला आतून-बाहेरून धातूचं अस्तर, आणि तिच्यात वीज साठायची. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन तिच्यावर प्रयोग करत होता आणि लंडनमधल्या पीटर कॉलिन्सनला पत्रांतून कळवत होता. बंदुकीत दारू ठासावी तशी बरणीत वीज ठासायची, म्हणून 'चार्ज'. मग ती एका धक्क्यात सुटायची, म्हणून 'डिस्चार्ज'. अशा अनेक बरण्या जोडल्या तेव्हा १७४९ च्या पत्रात त्याने त्या जोडणीला 'बॅटरी' म्हटलं. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. आपल्या खिशातल्या मोबाइलची सगळी शब्दसंपत्ती तोफखान्यातली आहे.

हायडेलबर्गकर
जर्मनीतून. इथेही हेच. 'लाडेन' म्हणजे ट्रक भरणं, बंदूक भरणं आणि फोन चार्ज करणं. 'लाडुंग' म्हणजे ट्रकमधला माल, स्फोटकाचा चार्ज आणि इलेक्ट्रॉनवरचा चार्जसुद्धा. म्हणजे माझ्या मुलीला शाळेत 'इलेक्ट्रॉनचा माल ऋण असतो' असंच ऐकू येतं, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण न्यायालयातला चार्ज इथे ओझ्यावरून नाही. तो 'आनक्लागं', म्हणजे फिर्याद, गाऱ्हाणं ह्या मुळातला. सगळे अर्थ एका गाठोड्यात बांधायची सवय फ्रेंच-इंग्रजीची. प्रत्येक भाषेने ती उचललेली नाही.

गोंयकार
पोर्तुगीजने उचललीय. 'कार्गा' म्हणजे ओझं, विजेचा प्रभार आणि पोलिसांचा लाठीचार्जही. फोन चार्ज करायला 'कार्रेगार', तेच क्रियापद जहाज भरायला. कामावरचा इनचार्ज तो 'एंकार्रेगादो'. आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या कागदपत्रांत हे शब्द अजून दिसतात.

मराठीत पोर्तुगीजमधून आलेलं 'काडतूस' याच घरातलं असणार. त्यात दारू भरतात ना?

पांथस्थ
काडतुसाचं घर वेगळं आहे, गोंयकार. पोर्तुगीज 'कार्तुशु', त्याच्यामागे इटालियन 'कार्तोच्चो', म्हणजे कागदाची पुंगळी. मूळ 'कार्ता', कागद. पूर्वी दारू आणि गोळी कागदात गुंडाळून ठेवत. कार्ड, चार्ट, कार्टून हे त्याचे भाऊबंद. कार्टून आणि कॅरिकेचर इतके शेजारी राहतात, पण एक कागदाच्या कुळातलं आणि एक गाड्याच्या.

कुपोला
कोल्हापूरहून. भावांनो, ओझ्याचा खरा चार्ज बघायचा असेल तर आमच्या शिरोलीला या, फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात. आमच्यात भट्टीत जे काही टाकतात त्याला चार्जच म्हणतात. कुपोला भट्टी म्हणजे उभं नळकांडं. खाली कोकचा बिछाना. वर चार्जिंगच्या दारातून पिग आयर्न, भंगार, परत कोक, चुनखडी, असे थरावर थर. खालनं ब्लोअरची हवा. चुनखडी घाण ओढून घेते आणि ती मळी, म्हणजे स्लॅग, वर तरंगते.

चार्ज तोलून टाकायचा असतो. भंगार कुठलं, किती, ह्याच्यावर ओतीव मालाची जात ठरते. "आजचा चार्ज कुणी लावला?" असा आवाज आला की समजायचं, कास्टिंग बिघडलं. आता बऱ्याच ठिकाणी इंडक्शन भट्ट्या आल्या. तिथं विजेनं वितळतं, पण शब्द तोच. आणि विजेचं बिल आलं की दुसरा चार्ज मालकाच्या डोक्यावर.

शुभ्रा
ही सगळी माहिती अप्रतिम आहे, पण मला मूळ मुद्द्यावर असहमती नोंदवायची आहे.

रानजाई म्हणतात, मूळ कळलं की संज्ञा घोकावी लागत नाही. मला हे धोक्याचं वाटतं. शब्दाचा आजचा अर्थ आजच्या वापरावरून ठरतो. गाड्याची गोष्ट ऐकून मुलाला असं वाटणार की इलेक्ट्रॉन नावाचा एक कण आहे आणि त्याच्यावर चार्ज नावाचं काही तरी ठेवलेलं आहे, जे काढूनही घेता येईल. भौतिकशास्त्रात तसं नाही. प्रभार हा इलेक्ट्रॉनचा गुणधर्म आहे, जसं वस्तुमान. तो उतरवता येत नाही. २०१९ पासून तर त्याचं मूल्य ठरवूनच टाकलंय, १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलोंब, आणि अँपिअरची व्याख्या त्यावर बेतली आहे. गाडा, बोजा, तोफ, ह्यातलं काहीही इथे मदत करत नाही. उलट वाट चुकवतं.

तारयंत्री
शुभ्रा, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि मी त्यात भरच घालतो. 'बॅटरी चार्ज केली' म्हणजे बॅटरीत प्रभार भरला, असं जवळजवळ सगळे समजतात. भरत नाही. एका टोकाने जितके इलेक्ट्रॉन आत जातात तितके दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. पूर्ण चार्ज असो की रिकामी, बॅटरीचा एकूण प्रभार शून्याच्या आसपासच राहतो. साठते ती रासायनिक ऊर्जा. फोनवर ५००० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं असतं, म्हणजे १८,००० कूलोंब प्रभार तिच्यातून वाहून जाऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. वाहून जाणं वेगळं आणि साठून राहणं वेगळं.

पण म्हणून गोष्ट सांगू नये, हे मला पटत नाही. फ्रँकलिनची समजूत अशी होती की वीज हा एकच द्रव आहे. ज्या वस्तूत तो जास्त झाला ती धन, कमी झाला ती ऋण. भरणे-रिकामे करणे हीच भाषा. कुठल्या बाजूला जास्त, हे त्याने अंदाजाने ठरवलं. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा कळलं की तारेतून वाहणारा कण त्या हिशेबात ऋण निघतो. म्हणून आजही पुस्तकात विद्युतधारेचा बाण एकीकडे आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडे. 'बाई, बाण उलटा का?' ह्या प्रश्नाला फ्रँकलिनशिवाय उत्तर नाही. जुनी समजूत सांगायची आणि ती कुठे तुटली तेही सांगायचं.

नर्मदा
तोवर डिस्चार्जबद्दल थोडं. मी परिचारिका होते. पेशंटला डिस्चार्ज मिळाला की नातेवाइकांचे चेहरे बघावेत. जखमेतून 'डिस्चार्ज' येतोय म्हटलं की तेच चेहरे पडतात, आणि नव्या नातेवाइकांना तो कोणता डिस्चार्ज ते समजावून सांगावं लागतं. आम्ही म्हणूनच 'स्राव' म्हणायला लागलो.

आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत सोडतात तो 'विसर्ग'. इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्यांनी सावध राहावं. तोही इंग्रजीत डिस्चार्जच.

कौमुदी
विसर्ग, स्राव, दोषमुक्त, घरी सोडणे: एका 'डिस्चार्ज'ला मराठीने चार शब्द दिले आणि प्रत्येक आपापल्या जागी नेमका आहे. मराठी संज्ञा क्लिष्ट असतात अशी तक्रार येता-जाता ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. ज्याला भूजल पुनर्भरण आणि मोबाइलचा रिचार्ज ह्यांत फरक करायचा आहे, त्याला मराठीच सोपी पडेल.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

शुभ्रा, तुमचा मुद्दा मला पटला, पण तो माझ्या विरोधात जातो असं वाटत नाही. मुलांच्या डोक्यात 'भरणे' आधीपासून आहेच. रोज रात्री फोन लावतात, सकाळी शंभर टक्के बघतात. ती समजूत मी दिलेली नाही, शब्दाने दिलेली आहे. ती कुठून आली हे सांगितल्याशिवाय ती काढता येणार नाही. म्हणून क्रम असा ठेवणार आहे: आधी बोजा, मग तोफ, मग लायडन बरणी, मग फ्रँकलिनचा अंदाज आणि शेवटी थॉमसन. त्यानंतर फळ्यावर 'प्रभार हा गुणधर्म आहे'. सातबाराचं उदाहरण नक्की घेणार. माझ्या वर्गातली बरीच मुलं शेतकऱ्यांची आहेत, बोजा त्यांना माहीत आहे.

शुभ्रा
थॉमसनपाशी थांबणार असाल तर हरकत नाही :) फक्त बॅटरीचं तारयंत्री काकांनी लिहिलंय ते गाळू नका.

वऱ्हाडी_लाइनमन
माझं बी घ्या यात. आमच्यात 'लाइन चार्ज हाय' म्हणजे लाइन जिती हाय, हात लावू नका. बाई, पोरायले हे पक्कं सांगा. काही टायमाले तारेतून एक दिवाही जळत नसते, लोड काहीच नसते, पन लाइन चार्ज असते. पोरं पतंग काढाले जातात लोखंडी सळाख घेऊन.

तारयंत्री
अगदी बरोबर, भाऊ. भार आणि चार्ज ह्यांतला फरक इथे जिवावर बेततो. 'लोड नाही' म्हणजे 'सुरक्षित आहे' असं नव्हे. इथे 'चार्ज' म्हणजे तारेवर व्होल्टेज आहे. पुस्तकातल्या प्रभाराशी हा अर्थ तंतोतंत जुळत नाही, पण कामावर तोच चालतो.

आणि सप्लाय बंद केला तरी काम लगेच सुरू करत नाहीत. लाइन बंद करून परमिट घ्यायचं, टेस्टरने तपासायचं, मग अर्थिंग रॉड लावून लाइन जमिनीला जोडायची. लांब केबलमध्ये आणि कपॅसिटरमध्ये सप्लाय गेल्यावरही काही काळ प्रभार राहतो, लायडन बरणीत राहायचा तसाच. अर्थिंगने तो उतरवावा लागतो. रानजाई ताई, बरणीच्या धड्यातच हे सांगून टाका. घरातल्या पंख्याचा कपॅसिटर हाही त्याच जातीचा आहे, आणि तो उघडून बघायची हौस आठवी-नववीतल्या मुलांनाच असते.